बी. ए. ला गणित



बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या नागपुरांत घरोघरीं एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी गणितांत हुशार असेल तर ती चर्चा फार वेळ चालत नाहीं. अभियांत्रिकी हें उत्तर ठरलेलेंच असतें. पण एखाद्या घरांत मुलगी म्हणते, "मला यंत्रें नकोत आणि प्रयोगशाळाहि नको; मला गणितच शिकावयाचें आहे, आणि त्याच्या जोडीला तत्त्वज्ञान किंवा अर्थशास्त्र." मग वडील विचारतात, "म्हणजे कलाशाखेंत ? गणित घेऊन ?" आणि आजोबा विचारतात, "पुढें काय ?" या दोन प्रश्नांचा आज आपण शांतपणें विचार करूं. गणिताचें कलाशाखेंत काय काम, हा पहिला. आणि तें तेथें शिकून मनुष्याच्या पदरांत काय पडतें, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आपल्या गांवच्या इतिहासांतच आहे. नागपुरांत महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेजांत झाली, आणि त्यानंतर दोन वर्षांनीं, १८८५ सालीं, मॉरिस कॉलेज निघालें. हें मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. त्या वेळीं नागपुरास स्वतःचें विद्यापीठ नव्हतें. तें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालें. तोंपर्यंत येथील विद्यार्थी आधीं कलकत्त्याच्या आणि मागाहून अलाहाबादच्या विद्यापीठाच्या परीक्षांस बसत. विज्ञानासाठीं निराळें कॉलेज येथें निघालें तें १९०६ सालीं. त्याच्या आधींचीं वीस-बावीस वर्षें गणित हें इंग्रजी, संस्कृत व तर्कशास्त्र यांच्याच छपराखालीं नांदत होतें, आणि तें तेथें परकें आहे असें कोणास वाटत नव्हतें.

पुणें-मुंबईकडेहि हाच प्रकार होता. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजांतून गणित हा विषय घेऊन पहिल्या वर्गांत बी. ए. झाले, मग ते कायद्याकडे वळले आणि न्यू इंग्लिश स्कूल निघाल्यावर तेथें गणित शिकवूं लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांची कीर्ति राजकारणांतील. परंतु फर्ग्युसन कॉलेजांत त्यांनीं गणितहि शिकविलें, आणि त्यांचें अंकगणिताचें पुस्तक कित्येक वर्षें शाळांतून चालत होतें. १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि 'रँग्लर' हा शब्द महाराष्ट्रांत घरगुती झाला. त्या परीक्षेनंतर तेथें मिळणारी पदवी बी. ए. चीच, केंब्रिजला आजहि गणिताच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर हीच पदवी देतात. अगदीं अलीकडचें उदाहरण हवें असेल तर मंगला नारळीकर यांचें घ्यावें. त्या मुंबई विद्यापीठाच्या १९६२ च्या गणिताच्या बी. ए. आणि १९६४ च्या एम. ए. पुढें टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं काम केलें, संसार सांभाळून १९८१ सालीं संख्यासिद्धांतांतील संशोधनावर पीएच. डी. मिळविली, आणि २०२३ सालीं निधन होईपर्यंत मराठी मुलांना गणिताची गोडी लावण्याचें कार्य केलें.

आणि याहूनहि जुना पुरावा पाहिजे असेल तर खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें जावें. तेथें इसवी सन १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यानें तेथें एक मठ स्थापिला, असें त्या लेखांत नमूद आहे. त्या मठांत जे ग्रंथ शिकविले जात ते पद्यांत होते. छंद, व्याकरण आणि गणित हीं एकाच विद्यार्थ्यानें एकाच आसनावर बसून शिकावयाचीं, ही गोष्ट त्या काळीं इतकी स्वाभाविक होती कीं तिचें समर्थन करण्याची कोणास गरज भासली नाहीं.

या साऱ्यांतून इतकें दिसतें कीं विज्ञानशाखा आणि कलाशाखा यांच्यामध्यें आज जी भिंत दिसते ती सोयीसाठीं घातलेली आहे. पदार्थविज्ञानाला उपकरण लागतें, रसायनाला प्रयोगशाळा लागते. गणिताला कागद, पेन्सिल आणि न कंटाळणारें मन एवढेंच पुरतें. निसर्गांत काय घडतें हें गणित पाहत नाहीं. एक गोष्ट मान्य केली तर दुसरी मान्य करावीच लागेल काय, हें तें पाहतें. या दृष्टीनें तर्कशास्त्र आणि व्याकरण हे त्याचे सख्खे भाऊ होत.

आतां कोणी म्हणेल, "हें सर्व ठीक, पण गणित म्हणजे हिशेबच ना? आणि हिशेब तर आतां खिशांतला फोनसुद्धां करतो." या आक्षेपाचें उत्तर व्याख्यानानें देण्यापेक्षां तीन उदाहरणांनीं द्यावें हें बरें. जवळ कागद असेल तर घ्यावा. नसला तरी चालेल.

पहिलें उदाहरण गुणाकाराचें. ९८ गुणिले ९७. शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचा वैदिक गणितावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील युक्त्या आज आपल्याकडे शिकवणीच्या वर्गांतून लहान मुलांना शिकवितात. त्यांपैकीं एक अशी : ९८ ला शंभर व्हावयास २ कमी, ९७ ला ३ कमी. ९८ मधून ३ वजा केले कीं ९५. आणि २ व ३ यांचा गुणाकार ६, तो दोन अंकांत ०६ असा लिहावा. उत्तर ९५०६. मूल टाळी वाजवितें, पाहुणे कौतुक करतात. पण येथें एखादी मुलगी विचारते, "असें कां होतें ?" ज्या क्षणीं तिनें हें विचारलें त्या क्षणीं ती हिशेब सोडून गणितांत आली. उत्तर अवघड नाहीं. ९७ पट म्हणजे शंभर पटींतून तीन पट वजा. ९८ ची शंभर पट ९८००. ९८ ची तीन पट म्हणजे ३०० ला ६ कमी. ९८०० मधून ३०० गेले, ६ परत आले, झाले ९५०६. आतां तिला युक्ति पाठ करावी लागत नाहीं. एवढेंच नव्हे, तर हजाराजवळच्या संख्यांना, किंवा १०३ आणि १०४ अशा शंभराच्या वरच्या संख्यांना तीच युक्ति कशी लावावयाची, हें तिला कोणी न सांगतां समजतें. जो युक्ति शिकला त्याच्याजवळ एक युक्ति आहे. जो कारण शिकला त्याच्याजवळ हव्या तितक्या आहेत.

दुसरें उदाहरण आपल्याच एका मराठी शाळामास्तरांचें. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीस १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. फर्ग्युसन कॉलेजांत असतांना त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नांवचें पारितोषिक मिळालें होतें. त्यांनीं शोधलेली एक मौज जगभर माहीत आहे. कोणतेहि चार अंक घ्यावे. चारहि सारखे मात्र नसावे. समजा, ३५२४. अंक उतरत्या क्रमानें मांडले, ५४३२. चढत्या क्रमानें मांडले, २३४५. वजाबाकी केली, ३०८७. पुन्हां तेंच : ८७३० मधून ०३७८ वजा, उरले ८३५२. पुन्हां : ८५३२ मधून २३५८ वजा, उरले ६१७४. आतां ६१७४ ला तीच क्रिया करा. ७६४१ वजा १४६७, पुन्हां ६१७४ च येतात. कोठूनहि निघालें तरी फार तर सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर येऊन थांबतों.

हें "कोठूनहि" कशावरून ? अंकांच्या अशा एकंदर ९९९० मांडण्या होतात. संगणकाला सांगितलें तर तो निमिषांत सर्व तपासून देईल, आणि ती तपासणी खोटी म्हणतां येणार नाहीं. पण गणिताचा विद्यार्थी जरा थांबतो आणि विचारतो : ही वजाबाकी नेमकी कशावर अवलंबून आहे ? शोध केला तर दिसतें कीं ती फक्त दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक, सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांमधील अंतर; दुसरी, मधल्या दोन अंकांमधील अंतर. पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट यांची बेरीज म्हणजेच ती वजाबाकी. आमच्या उदाहरणांत पहिलें अंतर ३ आणि दुसरें १. २९९७ अधिक ९० म्हणजे ३०८७. पहिलें अंतर एकापासून नऊपर्यंत असूं शकतें, आणि दुसरें पहिल्याहून मोठें असूं शकत नाहीं. अशा जोड्या मोजल्या तर त्या केवळ ५४ भरतात. दहा हजारांच्या घरांतलें काम चोपन्नांवर आलें. एका संध्याकाळीं पाटीवर होण्यासारखें. येथें आकडेमोडीचा वेग वाढला नाहीं. काय महत्त्वाचें आणि काय बिनमहत्त्वाचें हें ओळखलें गेलें, म्हणून आकडेमोडच कमी झाली. ही ओळख हेंच गणिताचें शिक्षण.

तिसरें उदाहरण या दोहोंच्या पलीकडचें आहे. एक चौरस घ्या, त्याची प्रत्येक बाजू एक हात. त्याचा कर्ण किती हात ? यज्ञवेदी बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांनीं शुल्बसूत्रांत याचें एक उत्तर दिलें आहे; तें अपूर्णांकांत मांडलें तर ५७७ भागिले ४०८ असें येतें. हें किती बरोबर आहे तें पाहा. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. तंतोतंत उत्तर असतें तर या दोन संख्या समान आल्या असत्या. फरक आहे तो अवघ्या एकाचा! मनांत येतें, आणखी थोडे मोठे आकडे घेतले तर हा एकहि नाहींसा होईल. लाख घ्या, कोटि घ्या, संगणकाला वर्षभर बसवा. फरक शून्य होत नाहीं. पण "अजून झाला नाहीं" आणि "कधींच होणार नाहीं" या दोन विधानांत फार मोठें अंतर आहे, आणि तें अंतर कोणताहि संगणक नुसती मोजदाद करून तोडूं शकत नाहीं, कारण संख्या संपत नाहींत.

तें अंतर चार-पांच वाक्यांत तुटतें. समजा, असा अपूर्णांक आहे आणि तो शक्य तितका संक्षिप्त करून लिहिला आहे. मग वरच्या संख्येचा वर्ग हा खालच्या संख्येच्या वर्गाची दुप्पट होय. म्हणून तो सम. वर्ग सम असेल तर ती संख्याहि सम असली पाहिजे, कारण विषम संख्येचा वर्ग विषमच येतो. वरची संख्या सम, म्हणून तिच्या वर्गाला चारानें भाग जातो. म्हणून खालच्या संख्येच्या वर्गाला दोहोंनीं भाग जातो, आणि तीहि सम ठरते. दोन्ही सम असतील तर अपूर्णांक संक्षिप्त नव्हताच. जें धरून निघालों तेंच मोडलें. तेव्हां असा अपूर्णांक नाहीं. जगांत कोणीं कधीं न लिहिलेल्या, न लिहितां येणाऱ्या अगणित संख्यांविषयीं आपण येथें बसल्या जागीं निश्चितपणें बोललों. याला सिद्धता म्हणतात. मनुष्याच्या बुद्धीला इतकी निश्चिति अन्यत्र क्वचितच मिळते.

आतां महाविद्यालयांत काय घडतें तें स्पष्ट सांगितलें पाहिजे, कारण खरा धोका तेथेंच आहे. शाळेंत प्रश्न असे असतात : "काढा", "सोडवा", "किती ?". पहिल्या वर्षीं कलनशास्त्रांत हाच क्रम थोडाबहुत चालतो. पुढें सीमा, सांतत्य, संच, गट हे विषय येतात आणि प्रश्नपत्रिकेंतील क्रियापद बदलतें. तेथें "सिद्ध करा" असें लिहिलेलें असतें. बारावीला शंभरांत पंचाण्णव गुण मिळविलेला मुलगा या दोन शब्दांपुढें हतबुद्ध होऊन बसतो. उत्तर आधींच दिलेलें आहे, मग करावयाचें काय, हेंच त्याला कळत नाहीं. आपली बुद्धि एकाएकीं गेली असें त्याला वाटूं लागतें. बुद्धि गेलेली नसते. विषय आतां कोठें सुरू झालेला असतो. या वळणावर कोणी सांगणारें भेटलें नाहीं तर पुष्कळ चांगलीं मुलें विषय सोडतात, आणि त्याहून अधिक मुलें वाईट वाटेला लागतात : तीं सिद्धता पाठ करतात. परीक्षेंत ठराविक वीस-पंचवीस सिद्धतांपैकींच कांहीं येतात, त्या मार्गदर्शकांतून घोकल्या कीं गुण मिळतात, पदवीहि मिळते. पण अशा पदवीधराच्या हातीं तीन वर्षांअखेर कांहींच राहत नाहीं. पाठ केलेली कविता निदान म्हणून दाखवितां येते. पाठ केलेली सिद्धता त्याहि उपयोगाची नाहीं.

यावर उपाय आहे, आणि तो शिकवणीवर्गाविना करतां येण्यासारखा आहे. नवी व्याख्या आली कीं तिच्यांत बसणारें एक उदाहरण आणि थोडक्यासाठीं न बसणारें एक उदाहरण स्वतः शोधावें. सिद्धता वाचून झाली कीं वही मिटावी आणि ती आपल्या शब्दांत लिहून काढावी. जेथें लेखणी अडेल तेथें आपल्याला समजलें नव्हतें असें खुशाल धरावें. सिद्धांतांतील एक अट काढून टाकावी आणि इमारत नेमकी कोठें कोसळते तें पाहावें. आणि एखादा सोबती धरून त्याला रोज फळ्यावर समजावून सांगावें, त्यानें "हें कशावरून?" असें विचारलें तर रागावूं नये. या मार्गानें आठवड्याला दोनच सिद्धता होतील. तितक्या पुरेत.

वर्धा, भंडारा, यवतमाळकडून येथें शिकावयास येणाऱ्या मुलांपुढें आणखी एक अडचण असते, ती भाषेची. बारावीपर्यंत मराठींत शिकलेल्या मुलाला गणित आणि इंग्रजी यांच्याशीं एकाच वेळीं झुंजावें लागतें, आणि कोणत्या शत्रूनें आपल्याला पाडलें हें त्याला कळत नाहीं. या बाबतींत नागपूरचें नांव घेण्यासारखें आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागें डॉ. रघुवीर यांनीं येथें राहून शास्त्रीय परिभाषेचें प्रचंड काम केलें, आणि याच काळांत मराठी व हिंदी या भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा विचार येथील विद्यापीठानें हातीं घेतला. ते सर्वच शब्द रुळले नाहींत. कित्येकांची थट्टाहि झाली. पण त्या खटपटीमागील विचार खरा होता. चिन्हें सर्व जगाचीं एकच असावीं, ग्रंथ इंग्रजी वाचावेत. परंतु "जर", "तर", "म्हणून", "याउलट" हे सांधे मनुष्य आपल्या भाषेंतच नीट जोडतो. म्हणून मराठी मुलानें सिद्धता आधीं मराठींत स्वतःशीं बोलावी आणि मग इंग्रजींत लिहावी. मघाशीं आपण कर्णाची सिद्धता मराठींत केली. तिच्यांत कांहीं उणें पडलें असें मला वाटत नाहीं.

कलाशाखेंतच गणित घ्यावें असें मी कां म्हणतों, याचें कारण आतां सांगतां येईल. सिद्धता हा शेवटीं एक निबंध असतो. त्यांत शब्द नेमके पाहिजेत आणि एका वाक्यांतून दुसरें निघालें पाहिजे. ज्यानें संस्कृत व्याकरण किंवा तर्कशास्त्र जोडीला घेतलें आहे त्याला याचें वळण लवकर लागतें. उलट, अर्थशास्त्र शिकणाऱ्याला गणितापासून लाभ होतो. एखाद्या तालुक्याचें सरासरी उत्पन्न वाढलें असें ऐकल्यावर, बहुतेकांचें उत्पन्न घटूनहि सरासरी वाढूं शकते, हें त्याला लगेच सुचतें. पण मला याहून मोठा लाभ दिसतो तो असा. नुसतें गणित शिकणाऱ्याला सर्वच गोष्टी सिद्ध व्हाव्यात असें वाटूं लागतें, आणि सिद्ध न होणाऱ्या गोष्टी त्याला तुच्छ वाटतात. इतिहासाचा तास त्याला शिकवितो कीं साक्षीदार परस्परविरुद्ध बोलत असतांनाहि निर्णय घ्यावा लागतो. तत्त्वज्ञानाचा तास शिकवितो कीं न्याय म्हणजे काय याची व्याख्या करणें त्रिकोणाच्या व्याख्येइतकें सोपें नाहीं. निश्चिति म्हणजे काय हें ज्यानें एकदां अनुभवलें आहे, आणि ती कोठवर मिळते व कोठें संपते हेंहि ज्याला माहीत आहे, असा मनुष्य सहसा फसत नाहीं आणि दुसऱ्याला फसवीतहि नाहीं. सभेंत, कचेरींत, न्यायालयांत आणि घरांत अशा मनुष्यांची आपल्याला गरज आहे.

आतां आजोबांचा प्रश्न : पुढें काय ? त्याला भाबडें उत्तर देऊं नये. गणिताची पदवी हातीं पडली कीं दारांत नोकरी उभी राहील, असें नाहीं. पण वाटा आहेत. शिक्षकाची वाट जुनी आणि मानाची; खेड्यांतल्या शाळांना गणिताचा मन लावून शिकविणारा शिक्षक आजहि दुर्मिळ आहे. विमा कंपन्यांना आयुष्य आणि जोखीम यांचा हिशेब करणारे विमागणिती लागतात. त्यांच्या परीक्षा कठीण असतात, पण गणिताच्या विद्यार्थ्याला त्या परक्या वाटत नाहींत. संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या क्षेत्रांत गणिताचा पाया ज्याचा पक्का आहे त्याला पुढचें शिक्षण सोपें जातें. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला गणित हा ऐच्छिक विषय घेतां येतो. आणि ज्याचें मन संशोधनाकडे ओढ घेतें त्याच्यासाठीं मुंबईची टाटा संस्था, कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था, चेन्नईची गणित संस्था, पुण्याची विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था अशीं दारें आहेत. तेथील प्रवेशपरीक्षांत पाठांतराला किंमत नाहीं, हें मात्र आधींच ध्यानांत ठेवावें. यांपैकीं एकहि वाट न धरतां कोणी वकील झाला, तरी त्याचीं वर्षें वायां गेलीं असें मी म्हणणार नाहीं. आरंभीं ज्यांचा उल्लेख केला त्या टिळकांनीं गणितानंतर कायद्याचीच पदवी घेतली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें एक मुख्य विषय, त्याच्या जोडीला एक गौण विषय आणि कांहीं दुसऱ्या शाखेचे विषय अशी रचना सांगितली आहे. नांव नवें आहे. पद्धति आपल्याला अपरिचित नाहीं. तिचा लाभ घ्यावयाचा तर महाविद्यालयांनीं एक गोष्ट केली पाहिजे : गणिताचा आणि तत्त्वज्ञानाचा तास एकाच वेळीं ठेवूं नये. मोठीं धोरणें पुष्कळदां वेळापत्रकापाशीं अडखळतात. पालकांनीं प्रवेश घेण्यापूर्वीं महाविद्यालयाची इमारत पाहण्यापेक्षां हें वेळापत्रक मागून पाहावें, आणि गणिताच्या प्राध्यापकांना विचारावें कीं आपल्या विद्यार्थ्यांना आपण फळ्यावर उभें करतां काय.

राहतां राहिला प्रश्न, आपल्या मुलाचा पिंड या विषयाचा आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें ? गुणपत्रिका त्याविषयीं फार थोडें सांगते. एक साधी कसोटी सुचवितों. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरें असतात. समोरासमोरच्या दोन टोकांचीं, म्हणजे एकाच कर्णावरचीं, दोन कोपऱ्यांतलीं घरें कापून टाका. उरलीं बासष्ट. आतां लगतचीं दोन घरें झांकील एवढ्या आकाराच्या एकतीस पट्ट्या घ्या आणि त्यांनीं तो पट पूर्ण झांकावयाचा प्रयत्न करा. पट्ट्या एकमेकींवर येऊं नयेत आणि पटाबाहेर जाऊं नयेत. हें जमेल काय ? आणि जमणार नसेल तर तें कधींच जमणार नाहीं, हें कशावरून ?

याचें उत्तर मी आज सांगणार नाहीं. घरांत पट असेल तर तो मुलांपुढें मांडावा आणि आपण बाजूला व्हावें. कोणी दहा मिनिटें पट्ट्या लावून पाहील आणि "नाहीं जमत" म्हणून उठेल. त्याला दुसऱ्या पुष्कळ विद्या आहेत, आणि त्यांत त्याचें कल्याण होवो. पण कोणी जेवणाच्या ताटावरहि त्याच पटाचा विचार करीत बसेल, आणि रात्रीं उशिरां उठवून आपल्याला सांगेल कीं पट्टी कशीहि ठेवली तरी ती कोणत्या रंगाचीं घरें झांकते तें पाहा. त्या मुलाला किंवा मुलीला गणित घेऊं द्यावें. तें कोणत्या शाखेंत आहे, याची फार चिंता करूं नये.